सुट्टीत थांबणारा खोकला

डॉक्टरबाई, नमस्कार.

कोल्हापुरात हायवेच्या कडेला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. मी, दोन डेंटर, एक पेंटर आणि दोन हेल्पर एवढाच कारभार. पेंटरला आम्ही सगळे मामा म्हणतो. वय शेहेचाळीस, माझ्याकडं चौदा वर्षं झाली. मामांसारखा क्लिअर, म्हणजे रंगावरचा चमकीचा शेवटचा हात, या रस्त्यावर कुणी मारत नाही, गिऱ्हाईक त्यांचं नाव विचारत येतं. गेल्या पावसाळ्यापासून मामांना खोकला लागलाय. दिवसा फारसा नसतो, पण रात्री झोपू देत नाही असं मामी सांगतात. एक्स-रे काढला, साफ आला. टीबीची तपासणी केली, काही निघालं नाही. औषधं झाली, काढे झाले. गंमत म्हणजे गणपतीला आठ दिवस गावी गेले की मामा ठणठणीत होऊन येतात, म्हणून आम्ही त्यांना 'कामाची ॲलर्जी झालीय' म्हणून चिडवतो. दुसरं म्हणजे, मी पोरांना पेटीच्या पेटी मास्क आणून देतो. घालत कुणी नाही, गळ्यात अडकवून फिरतात. मामा तर म्हणतात, इतकी वर्षं नाही झालं ते आता काय होणार, संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की छाती साफ. सांगून सांगून थकलो. पोरांना शिस्त कशी लावू? आणि मामांना कुठल्या डॉक्टरला दाखवू?

— एक गॅरेजवाला

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रातली सगळ्यांत कामाची ओळ तुम्ही 'गंमत म्हणजे' म्हणून लिहून मोकळे झालात. गावी गेलं की खोकला जातो, परत आलं की येतो. ज्यावरून तुम्ही सगळे मामांना चिडवता, तेच बहुधा त्यांचं निदान आहे. मामांना खरोखरच कामाची ॲलर्जी झाली असावी.

म्हणून शिस्तीचं नंतर बघू. आधी एवढं करा. हे वाचलंत त्या दिवसापासून मामांच्या हातात टू-केची, म्हणजे हार्डनर मिसळलेल्या रंगाची, फवारणीची गन देऊ नका. प्रायमरही नको आणि क्लिअर तर नकोच. दुसरा कुणी मारत असेल तेव्हा मामा त्या शेडमध्येसुद्धा नकोत. तपासणी होऊन खरं-खोटं कळेपर्यंत तरी हे पाळा. गाड्या खोळंबतील, गिऱ्हाईक कुरकुर करेल, मामा स्वतःच तुमच्यावर चिडतील. तरीही.

आता कारण. टू-के म्हणजे दोन डब्यांचा माल, एकात रंग किंवा क्लिअर आणि दुसऱ्यात हार्डनर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाच्या कुळातली रसायनं असतात, गाड्यांच्या रंगात बहुतेक वेळा एचडीआय या जातीची. क्लिअरला जी काचेसारखी चमक आणि टणकपणा येतो, तो त्यांच्यामुळे. मामांना एक विचारा, पावसाळ्यात हार्डनरच्या डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर काय होतं? ते लगेच सांगतील की आतला माल घट्ट होतो, वर साय धरते, डबा फेकून द्यावा लागतो. हवेतल्या ओलाव्याशी त्या रसायनाचा संयोग होतो, म्हणून असं होतं. आता हेच रसायन बारीक तुषार होऊन श्वासावाटे आत गेलं की काय होत असेल? आपली श्वासनळी आतून कोल्हापूरच्या जुलै महिन्यापेक्षा ओली असते. तिथल्या प्रथिनांना ते जाऊन चिकटतं, आणि काही जणांचं शरीर त्या चिकटलेल्या जोडीला परकं समजून तिच्याशी वैर धरतं.

हे वैर पहिल्या दिवशी जडत नाही. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला कित्येक वर्षं. पण एकदा जडलं की मग मात्रेचा हिशेब संपतो. दुसऱ्याला जाणवणारही नाही इतक्या अंशानेसुद्धा श्वासनळी आवळते, म्हणजेच दमा लागतो. त्यामुळे मामांचं 'इतकी वर्षं नाही झालं' हे म्हणणं खोटं नाही, पण त्यातून त्यांनी काढलेला अर्थ उलटा आहे. इतकी वर्षं तो तुषार छातीत जात राहिला, म्हणूनच आता होतंय.

आणि रात्रीच का? कारण या जातीच्या दम्याचा झटका बरेचदा लगेच येत नाही. गन मारल्यावर चार ते आठ तासांनी येतो. दुपारी तीनला दोन दारं आणि एक बॉनेट मारलं, तेव्हा काही नाही. रात्री दहाला जेवून अंथरुणावर टेकले की खोकला सुरू. मग दोष जातो ताकाला, केळ्याला, पंख्याच्या वाऱ्याला. ज्याने केलं तो हार्डनर गॅरेजच्या फळीवर झाकण लावून शांत बसलेला असतो. रविवारच्या एका सुट्टीत कधी थोडं बरं वाटतं, कधी तेवढ्यात वाटतही नाही. आठ दिवस गावी राहिलं की मात्र फरक उठून दिसतो. मामांच्या बाबतीत गणपतीने ही तपासणी फुकटात करून दिली म्हणायची.

यात मी स्वतःही चुकलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्याच्या दवाखान्यात बसत असे. रंगखात्यातला एक माणूस चार महिने माझ्याकडे खोकल्यासाठी येत होता. मी औषध बदलत राहिले. बिडी ओढतोस का विचारलं, घरात कुणाला दमा आहे का विचारलं. 'तू दिवसभर हातात काय धरतोस' हे काही विचारलं नाही. शेवटी त्याची बायको म्हणाली, "बाई, दिवाळीत मात्र हे कधी खोकत नाहीत." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर त्याला जिना चढताना धाप लागायला लागली होती. ते चार महिने माझे. म्हणून तुमच्या पत्रातली ओळ वाचून मी इतकी ताठ बसले.

मामांना छातीरोगतज्ज्ञाकडे न्या, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा खासगीत, जिथे जमेल तिथे. एक्स-रे साफ आला याने हुरळू नका, दमा बहुतेक वेळा एक्स-रेत दिसतच नाही. फुंकण्याची तपासणी लागते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. जाताना हार्डनरच्या डब्याचा फोटो घेऊन जा. नुसतं 'गॅरेजमध्ये कामाला आहे' असं सांगितलं तर डॉक्टर ग्रीस आणि धूर डोळ्यांपुढे आणतील. 'टू-के क्लिअर मारतात, हार्डनर आयसोसायनेटचा आहे, गावी गेले की बरं वाटतं' ही तीन वाक्यं स्पष्ट बोला. डब्यावर छातीवर चांदणी फुटल्यासारखं माणसाचं चित्र असेल आणि खाली बारीक अक्षरात एच-३३४ असा आकडा असेल, तर तो याच धोक्याचा आहे: श्वासावाटे गेल्यास ॲलर्जी किंवा दमा. माल देणाऱ्या डीलरकडे त्याचा सुरक्षिततेचा कागद मागा, त्याला ते एमएसडीएस म्हणतात. देत नसेल तर दुसरा डीलर शोधा.

आणखी एक काम तुम्हाला गॅरेजमध्ये बसून करता येईल. मेडिकलमध्ये पीक फ्लो मीटर मिळतं. प्लास्टिकची नळी असते, वर सरकणारा काटा, किंमत काही शे रुपये. उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीवर घट्ट मिटायचे आणि एकदम जोरात फुंकायचं, मेणबत्ती विझवतो तसं नाही, चुलीत फुंकणी मारतो तसं. तीनदा फुंकायचं आणि त्यातला सगळ्यांत मोठा आकडा वहीत लिहायचा. दिवसातून चार वेळा: उठल्यावर, दुपारी, काम सुटल्यावर, झोपताना. पुढे त्या दिवशी गॅरेजमध्ये कोण काय मारत होतं आणि मामा कुठे होते, हे एका ओळीत. चार आठवडे. त्यात सुट्टीचे दिवसही हवेत. गनपासून लांब असताना आकडा वर चढत गेला, तर तो चढ पाहूनच छातीच्या डॉक्टरला पुष्कळ काही कळतं. मुद्दाम गन हातात देऊन बघायचा प्रयोग मात्र करू नका. तो करायचा तर मोठ्या इस्पितळात, डॉक्टरांच्या नजरेखाली.

आयसोसायनेट हा शब्द ऐकल्यावर तुमच्या घरात कुणीतरी भोपाळ म्हणेलच, म्हणून सांगून ठेवते. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये जे सुटलं ते मिथाइल आयसोसायनेट, सहज वाफ होऊन पसरणारं. तुमच्या हार्डनरमधला माल कुळाने तोच असला तरी स्वभावाने जड आहे, डब्यातून आपणहून फारसा उडत नाही. त्याला हवेत चढवते ती तुमची गन. म्हणून नुसता डबा शेल्फवर असण्याने घाबरायला नको आणि गन चालू असताना बेफिकीर राहायला नको. धोका त्या तुषारात आहे, आणि तो तुषार डोळ्यांना दिसतो त्याहून बराच लांब आणि बराच वेळ हवेत असतो. ब्रिटनच्या सरकारी हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हच्या हिशेबाने तिथल्या गाड्या रंगवणाऱ्यांना दमा होण्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे ८० पट आहे. युरोपीय संघात तर २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून जास्त डायआयसोसायनेट असलेला माल धंद्यात वापरायला आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडेही हे काही नवं खूळ नव्हे. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्या आजारांची खबर सरकारला द्यावी लागते त्या यादीत, आयसोसायनेटच्या विषबाधेचं नाव होतं. पाच माणसांच्या गॅरेजपर्यंत तो कायदा पोचला नाही, एवढंच.

आता मास्क. पेटीच्या पेटी आणता म्हणजे ते निळे, कानात अडकवायचे, तीन पदरी असणार. भाऊ, तुमची पोरं ते घालत नाहीत याचं मला फारसं दुःख नाही. रंगाच्या कामात तो मास्क म्हणजे गाळण्याला रुमाल बांधून चहा ओतण्यासारखं आहे, पाणी जातं तिथून वाफही जाते. एन-९५ त्याहून बरा. आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा छाप असलेला, चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क पुट्टी घासताना उडणाऱ्या धुळीला चालतो. पण थिनरची वाफ तो अडवत नाही. ओला रुमाल काहीच अडवत नाही. गुळाबद्दल वाद नको, गूळ छान लागतो, पण तो अन्ननलिकेतून पोटात जातो आणि रंग जातो श्वासनळीतून फुप्फुसात. त्या दोघांची वाटेत गाठ पडत नाही.

टू-के मारताना खरा मास्क म्हणजे बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा. रंग मारायच्या चांगल्या बंदिस्त बूथमध्ये तोच वापरतात. तुमच्या कॉम्प्रेसरवर तो चालेल, पण गनच्या लाइनला सरळ टी मारून तोंडाला जोडायची नाही. तेलाच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचे कण येतात, आणि तो तापला किंवा त्याचं तोंड चालू गाडीच्या सायलेन्सरकडे असलं तर कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो, ज्याला वास नसतो. श्वासाच्या हवेची फिल्टरची जोडणी वेगळी मिळते, ती लावायची आणि कॉम्प्रेसर शेडच्या बाहेर, धुरापासून लांब ठेवायचा. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घालता, त्याच दिवशी त्याचं तेल आणि फिल्टरही बघत चला.

हे लगेच जमणार नाही, मला ठाऊक आहे. तोवर किमान रबराचा अर्धा मास्क घ्या, दोन बाजूंना फिल्टरची डबी लावायचा. डबी घेताना दुकानदार 'केमिकलवाली' म्हणून काहीही देतो, म्हणून रंग बघा. युरोपीय पद्धतीत सेंद्रिय वाफेची पट्टी तपकिरी आणि तुषार-धुळीची पांढरी. अमेरिकन पद्धतीत वाफेची काळी आणि तुषार-धुळीची, म्हणजे पी-१०० लिहिलेली, गुलाबी-जांभळी. तुम्हाला दोन्ही कामं करणारी जोड हवी. नुसती वाफेची घेतलीत तर तुषार आत जाईल, नुसती धुळीची घेतलीत तर थिनर. मास्क आणि डब्या मिळून एका दाराच्या रंगकामाच्या बिलाइतका खर्च येईल, थोडा इकडे-तिकडे. पण हा दुय्यम उपाय आहे हे विसरू नका, आणि मामांसाठी तर हा उपायच नाही. ज्याच्या शरीराने वैर धरलंय त्याला मास्क लावून परत गनवर उभं करायचं नसतं.

डब्या कधी बदलायच्या, इथे सगळे एकच चूक करतात. 'वास यायला लागला की बदलतो.' थिनरचा वास येतो, आयसोसायनेटचा धोक्याच्या पातळीलाही येत नाही. वास येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. कंपनीच्या पत्रकात दिलेल्या मुदतीने बदला, आणि पावसाळ्यात त्याच्याही आधी, कारण दमट हवेने आतला कोळसा लवकर थकतो. पाकीट फोडलं की मार्करने डबीवर तारीख घाला. आणि काम झाल्यावर मास्क खिळ्याला टांगून ठेवू नका! टांगलेली डबी रात्रभर गॅरेजची वाफ पीत बसते आणि सकाळी पेंटरच्या तोंडावर ती अर्धी संपलेलीच येते. फराळाचे असतात ना, घट्ट झाकणाचे डबे, तसा एक प्रत्येकाला द्या. मास्क पुसून त्यात.

दाढी हा नाजूक विषय. तीन दिवसांची खुंटंसुद्धा रबर आणि कातडीमध्ये फट ठेवतात, आणि हवा नेहमी सोपी वाट शोधते. मास्क लावल्यावर दोन्ही डब्यांवर तळहात दाबून हळू श्वास आत ओढायचा. मास्क गालाला चिकटून किंचित आत ओढला गेला पाहिजे. कुठून गार हवा लागली तर बसलेला नाही. दाढी ठेवायचीच असेल, आणि तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे, तर डोकंभर झाकणारा हवेच्या पाइपचा हूड घ्यावा लागेल.

तुमचं गॅरेज मी पाहिलेलं नाही, पण क्लिअर कसा मारता ते सांगते, बघा जुळतंय का. फरशीवर पाणी मारायचं, शटर अर्ध्याहून खाली ओढायचं, पंखा बंद करायचा, दारावरच्या फटीत गोणपाट कोंबायचं. धूळ बसू नये, किडा चिकटू नये म्हणून. गाडीसाठी हे सगळं बरोबर आहे, आणि माणसासाठी याहून वाईट काही नाही. रंगाला जपताना आपण सगळा तुषार त्याच्याच बरोबर कोंडून घेतो. बूथ म्हणजे दुसरं काय असतं? आत येणारी हवा गाळून घ्यायची आणि आतली ओढून, गाळून बाहेर टाकायची, म्हणजे गाडीही वाचते आणि माणूसही. लाखांचा बूथ परवडत नसेल तर शेडचा एक कोपरा जाड पडद्यांनी बंद करून, एका बाजूला फिल्टरची चौकट आणि समोर आगीला सुरक्षित मोटरचा एक्झॉस्ट, असं एखाद्या जाणत्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या. साधा घरगुती एक्झॉस्ट बसवू नका, थिनरच्या वाफेत त्याची एक ठिणगी पुरते. तोंड शेजारच्या चहाच्या टपरीकडे नको, हेही सांगायला लागतं. आणि क्लिअर दिवसाचं शेवटचं काम ठेवा, बाकीची पोरं घरी गेल्यावर. हे मात्र उद्यापासून, एक रुपया न खर्चता होईल.

एक क्षण मला तुम्हाला मुद्दाम दाखवायचाय. शेवटचा हात मारून झाला. पेंटर गन खाली करतो, एक पाऊल मागे येतो, मान तिरकी करतो आणि उजेडात पृष्ठभाग बघण्यासाठी मास्क वर सरकवतो. संत्र्याच्या सालीसारखं आलंय का, कुठे ओघळ आलाय का. सगळे करतात, चांगले कारागीर तर नक्कीच करतात. त्या वेळी हवा स्वच्छ दिसते, पण तुषार तिथेच असतो. चांगल्या बूथमध्येसुद्धा तो निघून जायला काही मिनिटं लागतात, बंद खोलीत वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त. दिवसभर मास्क घालून त्या अर्ध्या मिनिटात सगळं घालवलं जातं. आणि नेमक्या त्याच वेळी शटर वर करून आत कोण येतं? मालक! 'कसा आलाय रे?' म्हणत, तोंडावर काही न लावता. भाऊ, तुम्ही येता की नाही, खरं सांगा.

शिस्तीचं उत्तर त्यातच आहे. पोरं मास्क घालत नाहीत कारण तो गरम होतो, चष्म्यावर धुकं धरतं, हाक मारलेली कळत नाही, आणि मालक घालत नाही. पहिल्या तिन्हींना इलाज आहे. प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मापाचा घ्या, एकच मास्क पाच जणांत फिरवू नका, दुसऱ्याच्या घामाचा मास्क तुम्ही तरी घालाल का? दर तासाला बाहेर मोकळ्या हवेत दहा मिनिटं द्या. चौथीचा इलाज तुम्ही. ओरडून, दंड लावून हे होत नाही. आधी चुकीचा मास्क देऊन मग तो घातला नाही म्हणून पोरांना बेशिस्त म्हणायचं, हे काही पटत नाही.

गनपलीकडचंही थोडं. पुट्टीत स्टायरीन असतं, तो उग्र गोडसर वास त्याचाच, आणि घासताना धूळ उडते. पाणी मारून घासता येईल तिथे पाण्यानेच घासा. जुने टेंपो-ट्रक येत असतील तर पिवळा, नारिंगी, लाल रंग कोरडा घासू नका, त्यात शिशाचा क्रोमेट असण्याची शक्यता असते. घराच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत ९० भागांपेक्षा, जास्त नको असा २०१६ चा नियम आहे, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता, गाड्यांच्या रंगाला नाही. आता त्याच धुळीच्या हाताने तुमचा डेंटर तंबाखू मळतो. अंगठ्याने तळहातावर चुना-तंबाखू रगडायची, वर दोन टाळ्या मारायच्या आणि ओठाखाली. धूळ झटकली असं त्याला वाटतं, पण तळहातावरची सगळी धूळ त्याने चुन्याबरोबर नीट कालवून तोंडात ठेवलेली असते. तंबाखू सोड म्हणून मी वर्षानुवर्षं सांगतेय, कुणी ऐकलेलं नाही. निदान आधी साबणाने हात धू, एवढं तरी ऐकतील.

आणि ते हात थिनरने धूत असतील, सगळीकडे धुतात, तर ते बंद करा. थिनर कातडीतलं तेल काढून तिला भेगा पाडतो, आणि हार्डनरशी आलेला कातडीचा संबंधही शरीराला चिथावू शकतो. खोबरेल किंवा कुठलंही खायचं तेल चोळा, चिंधीने पुसा, मग साबण. मिक्सिंग करताना नायट्राइलचे हातमोजे घाला. दवाखान्यातले रबरी पांढरे नकोत, थिनर त्यातून लवकर पार होतो. डेंटरला सांगा, रंग असलेल्या पत्र्यावर गॅस किंवा वेल्डिंग धरण्याआधी तेवढी जागा खरवडून घे. पूर्ण वाळलेल्या रंगातून आयसोसायनेट आपणहून उडत नाही, पण जाळला की ते पुन्हा सुटतं. आणि 'वॉटर-बेस, म्हणजे पाण्यात मिसळायचा रंग, आणू का' असं विचाराल तर आणा जरूर, थिनर कमी होईल. पण त्याच्यावर क्लिअर मारणार तो टू-केच, तेव्हा तेवढ्याने हार्डनरची सुटका नाही.

राहिले मामा. तपासणीत दमा पक्का निघाला तर त्यांनी गन कायमची खाली ठेवायला हवी. जितक्या लवकर सुटेल तितकी छाती सावरण्याची आशा जास्त. ओढत राहिले तर नंतर काम सोडूनही दमा सोडत नाही. तुमच्याकडे पाचच कामगार, म्हणजे ईएसआयचा सरकारी कामगार विमा बहुधा नाही, तो सर्वसाधारणपणे दहा कामगारांपासून लागतो. तेव्हा त्यांच्या पोटाचा प्रश्न तुमच्या दारात आहे. त्यांना सोडू नका. तुम्ही सोडलंत तर ते पुढच्या नाक्यावरच्या गॅरेजात जातील, तिथे खोकला लपवून तेच क्लिअर मारतील, आणि यावेळी कुणी मामी सांगते म्हणून पत्रही लिहिणार नाही. त्यांच्या हातात गन होती, पण गिऱ्हाईक येतं ते त्यांच्या डोळ्यासाठी. रंगाची शेड जुळवणं, एस्टिमेट काढणं, पुट्टीची लेव्हल हाताने चाचपून सांगणं, शेवटची पॉलिश, माल तपासून घेणं, हे सगळं हार्डनरपासून लांब बसून होतं. दोन हेल्परांपैकी ज्याचा हात हलका आहे त्याला मामांनी शिकवावं, गनमध्ये नुसतं पाणी भरून, जुन्या बॉनेटवर, उघड्यावर. हात वळला, अंतर साधलं, मग तो खऱ्या मास्कसह आत जाईल. मामा शेडबाहेर. त्यांना हे अवघड जाईल. चौदा वर्षं जो माणूस आत होता त्याला बाहेर उभं राहून बघायचं म्हणजे काय, ते तुम्ही मला सांगायला नको.

पगारात कपात करू नका. मामींना बोलावून त्यांच्यासमोर हे सगळं सांगा, कारण रात्री जागत त्या असतात, आणि मामा ऐकलेच तर त्यांचं ऐकतील. पीक फ्लोची वहीही त्यांच्याकडेच द्या. पहिला आकडा सोमवारी सकाळी घरीच घ्यायचा, चहाच्या आधी.